ऐवजी सर

भांडण कुणाचंही असो, ते अर्धवट टाकून सुट्टीवर जायची सोय आमच्या बालाघाटच्या शाळेत नव्हती. कारण सुट्टीवर गेलेल्या मास्तरांच्या जागी सर यायचे आणि त्यांच्या तासांबरोबर त्यांची भांडणंही चालवायचे. पक्क्या मास्तराच्या रजेपुरता त्याच्या ऐवजी शिकवणारा जो, त्याला आमच्याकडे 'ऐवजी' म्हणत. असे ऐवजी पुष्कळ येत आणि जात. हे मात्र इतकी वर्षं आणि इतक्या जणांच्या ऐवजी आले की सगळं गाव त्यांना ऐवजी सर म्हणू लागलं. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही कधी तोंडात बसलं नाही.

एकदा चित्रकलेचे मास्तर लांबच्या रजेवर गेले. त्यांचा आणि संस्कृतच्या शास्त्रीबुवांचा कडकडीत अबोला होता. कशावरून, ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. सर चित्रकलेच्या तासाला आले, त्या मास्तरांसारखी तपकीर ओढली, सडकून शिंकले आणि त्या दिवसापासून त्यांनी शास्त्रीबुवांशी बोलणं बंद केलं. शास्त्रीबुवा बिचारे सवयीने नमस्कार करायचे आणि हे तोंड फिरवायचे. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं तेव्हा सर म्हणाले, "साहेब, मी त्यायच्या जागी आहो. जागा घ्याची त पूर्ण घ्याची. चित्रं शिकवतो अन् भांडन सोडून देतो, हे कसं जमन?"

पुढे शास्त्रीबुवांच्या मुलीचं लग्न निघालं आणि तेही रजेवर गेले. त्यांच्या जागी पुन्हा सरच. संस्कृतच्या तासाला धोतर नेसायचे, चित्रकलेच्या तासाला विजार घालून यायचे. एकदोन दिवस त्यांनी स्वतःशीच अबोला धरून पाहिला, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत नुसते गप्प बसून राहिले. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "दोन्ही जागी मीच आहो. मी वजा मी, बाकी शून्य. भांडन मिटलं." दोघे मास्तर परतले तेव्हा आपलं भांडण मिटल्याची बातमी त्यांना शाळेच्या शिपायाकडून कळली. पुन्हा सुरू करायचं तर कारण आठवायला हवं होतं. ते काही जमेना, तेव्हा दोघं निमूटपणे एका बाकावर बसून डबा खाऊ लागले.

सर आमच्याकडेच राहायचे, परसातल्या खोलीत. उंच, हडकुळे, आणि अंगात बारा महिने एक काळा कोट. त्या कोटाचे खिसे खडूच्या भुकटीने इतके पांढरे झाले होते की कोट मुळात कोणत्या रंगाचा, असा प्रश्न पडावा. खडूचा तुकडा हातात आला की त्यांना फळा लागत नसे. आमच्या परसाची भिंत, हौदाचा कठडा, न्हाणीघराचं दार, सगळीकडे त्यांची बीजगणितं. आई तांदूळ निवडायला सूप घेऊन बसली तर त्याच्या पाठीवर समीकरण असायचं. "मास्तर, सूप तरी सोडा," आई म्हणायची. "वहिनी, उत्तर निघालं का पुसून देतो," सर म्हणायचे. त्यांनी कधीच पुसलं नाही. आईने मात्र उत्तर निघेपर्यंत ते सूप कधी धुतलं नाही, हेही सांगायला हवं.

ते सगळेच विषय शिकवायचे, कारण रजेवर कोणीही जात असे. जीव मात्र बीजगणितावर, आणि त्यातही एकाच रीतीवर. दोन अनोळखी संख्या, दोन समीकरणं. एकीची किंमत दुसरीच्या भाषेत काढायची आणि तिच्या जागी ठेवायची. वजाबाकी करून एकीला उडवून लावायची दुसरी रीतही पुस्तकात होती. ती सोपी होती आणि पोरांना आवडायची. सर ती शिकवायचे, पण नाखुशीने. "उडवून लावणं हे काही भल्या मानसाचं काम नाही," म्हणायचे.

माझ्या डोक्यात ही रीत काही केल्या शिरत नव्हती. य काढायचा आहे, आणि य म्हणजे दहा वजा क्ष. पण क्ष तरी कुठे माहीत आहे? चोराला विचारून चोराचा पत्ता काढल्यासारखं मला ते वाटे. एका दुपारी मी परसात रडकुंडीला येऊन बसले होते. आई शेजारीच सांडगे वाळत घालत होती. सर म्हणाले, "पोरी, तुझी आई तुझ्या बाबाचं नाव घेते का?"

"नाही."

"मंग परक्या मानसाले सांगाचं असलं त काय म्हनते?"

"पोरीचे बाबा."

"पाहाय! नाव घेतलं नाही, पन मानूस उभा केला. कोनाच्या ओळखीनं? तुझ्या. तसाच य. त्याचं नाव माहीत नाही ना? नसू दे. त्याले क्षच्या ओळखीनं उभा कर. य म्हंजे दहातून क्ष गेल्यावर उरते तो. आता दुसऱ्या वाक्यात जिथं य बसला असन तिथून त्याले उठव अन् हे ठेव. वाक्यात उरला एकटा क्ष. एकटा मानूस लपून लपून कुठं लपन?"

आईने पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. मला मात्र त्या क्षणी लख्ख समजलं. घरातल्या सगळ्या बायका जन्मभर बीजगणितच करत आल्या आहेत, असं मी त्या दिवशी रात्री जेवताना बाबांना सांगितलं, आणि बाबांना ठसका लागला.

समजलं खरं, पण चूक करायची ती केलीच. गणितात 'तीन य' होते. मी यच्या जागी दहा वजा क्ष ठेवले, तीन दाहे तीस केले, आणि लिहिलं तीस वजा क्ष. सर वहीकडे बघून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "वहिनी, उद्या तुमच्याकडे पाहुने येऊन राह्यले. नवरा-बायको. चहा कितीकाचा ठेवान?"

"दोघाइचा."

"पोरगी म्हनते एकाचाच. नवऱ्याले चहा द्याचा अन् बायकोले नुसतं पाहात बसवाचं."

"असं काहून म्हन्ते ही?" आई माझ्यावरच डाफरली. "अशी रीत हाये का आपल्या घरची?"

"पाहाय," सर माझ्याकडे वळले. "दारातून जोडीनं आले ते कंसात आले. बाहेर उभा असलेला तीन दोघाइलेही भेटला पाहिजे. एकाच्या जागी जो येते तो नेहमी कंसात येते, हे ध्यानात ठेव." तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सहकुटुंब जेवायला बोलवायचं झालं की "कंसासकट या" म्हणायची पद्धत पडली. नवख्या पाहुण्यांना ती समजावून सांगता सांगता भात गार व्हायचा.

कंसासकट ही त्यांची जगायची तऱ्हा होती. कवायतीच्या मास्तरांच्या जागी आले तर आपल्या काडीसारख्या हातांनी मुद्गल फिरवायचे. भूगोलाच्या मास्तरांच्या जागी आले तर त्यांच्या म्हाताऱ्या आईला रोज संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर दर्शनाला नेऊन आणायचे, कारण ते मास्तर न्यायचे. ती म्हातारी पुढे आपल्या मुलाबरोबर जायला तयार होईना. म्हणायची, "मले तो ऐवजी पाह्यजे."

आता इतक्या जणांची जागा घेणाऱ्या या माणसाला स्वतःची जागा नव्हती. पक्की नोकरी नव्हती. आणि त्यांना ती फार हवी होती, कारण माझी मावशी.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. ती किरनापूरला आजोबांजवळ राहायची. आजी गेल्यापासून त्या दोघांचंच घर. आमच्याकडे यायची तेव्हा तिने सरांना सुपाच्या पाठीवर गणित करताना पाहिलं, आणि सरांनी तिला त्या गणितातली चूक काढताना पाहिलं. त्यापुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही. घरं सोयरिकीत बसणारी होती. आईने पुढाकार घेतला, साक्षगंध झालं, म्हणजे वाङ्निश्चय झाला. पण त्याच बैठकीत आजोबांनी पागोटं सावरत दोन अटी घातल्या. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"एक. घरात पक्की नोकरी पाहिजे, मंगच लगन. दोन. पोरगी अशा ठिकानी राह्यली पाहिजे का मी सकाळच्या मोटारीनं भेटाले निघालो त संध्याकाळी आपल्या घरी वापस. मले दुसऱ्याच्या घरी झोप येत नाही."

सरांनी दोन्ही अटी हसत कबूल केल्या. दोन अटी, दोन अनोळखी गोष्टी: नोकरी कोणती आणि गाव कोणतं. असली गणितं ते झोपेत सोडवायचे. पण हे सुटेना. जवळपास जागा असायच्या त्या सगळ्या रजेपुरत्या. पक्की जागा निघे ती तिकडे सरगुजाच्या बाजूला, जिथून आजोबा एका दिवसात परत येणं शक्य नव्हतं. पहिली अट बसली की दुसरी मोडे, दुसरी बसली की पहिली. वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. आजोबा आईला निरोप पाठवू लागले की मास्तराचं काय होऊन राह्यलं.

अशात आमच्या शाळेतले गणिताचे म्हातारे सर रजेवर गेले. ते परत येणार नव्हते, तिथूनच निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी अर्थातच ऐवजी सर आले. जागा पक्की, गाव बालाघाट, किरनापूरची मोटार सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. दोन्ही अटी एकाच जागेत बसत होत्या. फक्त इन्स्पेक्टर साहेबांनी वर्ग पाहून बरा शेरा द्यायला हवा होता.

मधे एक अडचण होती, तिचं नाव य.

छप्पन साली आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि पुढच्या काही वर्षांत शाळेतली मराठी पुस्तकंही गेली. गणित हिंदीत आलं. सरांची हिंदी तशी आमच्यासारखीच, कामापुरती. 'प्रतिस्थापन' म्हणायचं तिथे ते हमखास 'प्रतिष्ठापना' म्हणायचे, आणि क्षची प्रतिष्ठापना म्हटलं की आम्हा पोरींना आरती आणि मोदक आठवायचे. पण खरी फसगत अक्षरांची होती. मराठी पुस्तकात पहिली अनोळखी संख्या क्ष आणि दुसरी य. आमच्या हिंदी पुस्तकात पहिली य आणि दुसरी र. क्षला घरी बसवलं आणि य एक पायरी वर चढला. "इतके वर्षं हा य दोन नंबरवर होता," सर म्हणायचे. "छप्पन साली त्याचं प्रमोशन झालं. आमचं नाही झालं."

म्हणायला ते हसत म्हणायचे, पण त्यांच्या हाताला जन्माची सवय होती. दोन नंबरची संख्या सापडली की हात आपोआप 'य बरोबर' असं लिहून मोकळा व्हायचा. रोज संध्याकाळी न्हाणीघराच्या दारावर ते य आणि र गिरवत बसायचे, पहिलीतल्या पोराने बाराखडी गिरवावी तसे.

इन्स्पेक्टर साहेब आले. गोरेपान, हसतमुख, जबलपूरकडचे. मागच्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "पढ़ाइए मास्टर साहब, समझिए मैं हूँ ही नहीं।" सरांनी पुस्तकातलं गणित घेतलं. पिता आणि पुत्र यांच्या वयांची बेरीज बावन्न. पित्याचं वय पुत्राच्या वयाच्या तिपटीहून चारने जास्त. फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं, पिता की आयु य, पुत्र की आयु र. मग समीकरणं मांडली. यच्या जागी तीन र अधिक चार ठेवले, कंसासकट. इतकं सुंदर चाललं होतं की मी बाकाखाली दोन्ही मुठी आवळून धरल्या होत्या. बेरीज, वजाबाकी, भागाकार, आणि उत्तर आलं बारा.

आणि सरांच्या हाताने लिहिलं: य = १२.

पुढे बावन्नातून बारा गेले, र बरोबर चाळीस. बेरीज करून पाहिली, बावन्न. पडताळा जुळला म्हणून त्यांनी खाली दोन रेघा ओढल्या आणि समाधानाने वाचून दाखवलं, "अतः पिता की आयु बारह वर्ष और पुत्र की आयु चालीस वर्ष।"

मागून इन्स्पेक्टर साहेबांचा गोड आवाज आला, "मास्टर साहब, ये पिताजी कौन-सी कक्षा में पढ़ते हैं?"

सगळा वर्ग फुटला. सरांनी फळ्याकडे पाहिलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर, आणि तेही हसायला लागले, अगदी पोट धरून. मग त्यांनी आपली चूक स्वतःच गोल करून दाखवली आणि आम्हाला म्हणाले, "पडताळा एकाच समीकरणात पाह्यला म्हनून फसलो. दोन्हीत पाहाचा. पहिल्यात तर बाप-लेकाची अदलाबदल झाली तरी जुळते." साहेबांनाही माणूस आवडला असावा. त्यांनी जाताना पाठीवर हात ठेवला. पण शेरा लिहायचा तो लिहिलाच: शिक्षक परिश्रमी हैं, किंतु पिता और पुत्र में भेद नहीं कर पाते. गावभर तो शेरा महिनाभर फिरत होता. मला मात्र त्या दिवशी घरी येताना रडू आवरेना, कारण त्या फळ्यावर काय पुसलं गेलं ते वर्गात फक्त मला माहीत होतं.

जागेवर जबलपूरचा एक तरुण पदवीधर आला. सर पुन्हा कुणाच्या तरी ऐवजी झाले. आणि चारआठ दिवसांत आजोबांचा निरोप आला की गोंदियाला एक स्थळ आहे, रेल्वेत कारकून, पक्का. मी मास्तराशी बोलायला येतो. पोरीलाही संगं आणतो, म्हणजे मागून बोल नको.

ते आले तेव्हा दुपार होती. बाबा कचेरीत. ओसरीवर आजोबा सतरंजीवर बसले, मावशी दाराला टेकून उभी, आई चुलीपाशी पण कान इकडे. सर खांबाशी उभे. त्यांनी कोटाची सगळी बटणं लावली होती.

आजोबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांना बोलायला जड जात होतं. "मास्तर, तुमी मानूस सोन्यासारखे. पन मी आता थकलो. माझ्या मागं पोरीचं काय, हे मले पाहाच लागते. गोंदियाचा पोरगा…"

"बसते," सर म्हणाले.

"काय बसते?"

"दोन्ही अटीत बसते. मी पडताळा करून पाह्यला. नोकरी पक्की. अन् गोंदियाची गाडी तुमाले सकाळी भेटते, संध्याकाळी वापस येता येते. दोन्हीत जुळते, मामाजी. माझं एकात जुळते, दुसऱ्यात नाही जुळत."

माझ्या आईने चुलीपाशी कपाळावर हात मारून घेतलेला मला दिसला. जगात दुसरा कुठला माणूस असा असेल, जो स्वतःची होणारी बायको दुसऱ्याला देण्याच्या गणितात त्याची बाजू मांडेल? मला त्यांचा इतका राग आला की ओसरीवर पडलेला खडूचा तुकडा उचलून त्यांना मारावा, असं वाटलं.

"अन् माझा पडताळा कोन करनार?" मावशी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती दार सोडून पुढे आली होती. "बाबा, तुमची अट काय होती, सांगा पुन्हा."

"घरात पक्की नोकरी पाहिजे."

"हौ. तं माझी लागली."

"काय लागली?"

"नोकरी. मी मास्तरनीची ट्रेनिंग करून राह्यली होती ना? तुमाले वाटलं, टाइम जावा म्हनून करते. पास झाली. किरनापूरच्या पलीकडच्या गावात पोरींची शाळा आहे, तिथं लागली. पक्की."

आजोबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "अवं, मी पोराची म्हनलो होतो!"

"नाही बाबा. तुमी घरात म्हनले होते. साऱ्यायनं आयकलं. घरात काय तेच राह्यतीन? मी नाही राहीन?"

सरांचे ओठ हलत होते. मला कळलं की ते जागेवर उभ्या उभ्या हे मांडून बघताहेत. "पहिल्या अटीत बसते," ते हळूच म्हणाले. मग घाईघाईने, "थांबा, थांबा, दुसरी. पलीकडचं गाव. मामाजी तिथं पायी जाऊन पायी येतीन. दुसऱ्यातही बसते."

आजोबा मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी दोन बोटं वर केली. "म्हंजे गोंदियावालाही बसते, अन् हाही बसते. दोघंही बसते."

"असं होत नसते," सरांतला मास्तर जागा झाला. "सरळ समीकरनं दोन असली का उत्तर एकच येते. दोन उत्तरं निघाली त समजाचं, कुठंतरी एक गोष्ट मांडाची राहून गेली."

"मंग कोन्ती राह्यली?" आजोबांनी विचारलं, सरांना नव्हे, मावशीला.

मावशीने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. तिने सरांकडे पाहिलं नाही. बापाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाही, ते राह्यलं. गोंदियाचा पोरगा चांगला असन, बाबा. पन यांच्या ऐवजी दुसरा कोनी मले चालत नाही."

सर खांबाला धरून खाली बसले. तोंड कोटाच्या बाहीत लपवलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बाहीवरची खडूची भुकटी गालाला लागत होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. मला काय करावं ते कळेना, म्हणून मीही रडले. आई चुलीपाशी रडत होती आणि वर धुराला शिव्या देत होती. मावशी तेवढी कोरडी ठणठणीत उभी होती.

आजोबांनी लेकीकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या सरांकडे. पागोटं उचलून पुन्हा डोक्यावर ठेवलं, नीट बसवलं. सतरंजीवर थोडे बाजूला सरकले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हाताने थापटलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तिथं भुईवर काहून बसले? इथं या."